तीन दगड, एक काडी

रेंज गेली तेव्हा रेवा रडत होती.

फोन नानांच्या हातात होता. पडद्यावर सुश्रुतचा खांदा, त्या खांद्यावर तिचं लाल झालेलं तोंड. मग चित्र थिजलं, नुसतं रडणं ऐकू येत राहिलं, आणि मग तेही मधेच तुटलं. मी गाडी थांबवली.

"थांबलीस कशाला?" नाना म्हणाले. "रडते म्हणजे फुप्फुसं दणदणीत आहेत. चल, फणसे. ऊन वर यायच्या आत पायथा गाठायचा."

फणसे हे माझं माहेरचं आडनाव. नाना माझे सासरे. घरात ते मला ऋजुताच म्हणायचे, पण गाडीची चाकं डांबर सोडून मातीला लागली की मी त्यांची सून उरायचे नाही, फणसे व्हायचे. कारण मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती सतराव्या वर्षी, त्यांच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये. खडकीच्या एका कारखान्यात फोरमन होते ते. आणि तीस वर्षं, दर दुसऱ्या रविवारी, पंधरा-वीस पोरापोरींना घेऊन सह्याद्रीत. त्यांचा मुलगा मला नंतर आवडला. आधी मला आवडला तो नानांच्या मागून चालण्यातला बिनघोरपणा. नाना पुढे असले की खाली बघायचं कारण नसायचं.

सुश्रुतला लहानपणी इतकं डोंगरात फरफटवलं गेलं होतं की मोठेपणी तो जिनाही नाइलाजाने चढायचा. "घरात एकाने तरी सपाटीवर राहायला हवं," म्हणाला. "तुम्ही जा दोघं. मी आणि रेवा टीव्ही बघतो."

रेवा तेव्हा सात महिन्यांची होती. सासूबाई गेल्यावर नाना पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, नेवाडात आले होते. तीन आठवडे नातीला खांद्यावर घेऊन ते खिडकीतून समोरचे तांबडे डोंगर बघत होते. शेवटी एक दिवस म्हणाले, "हे नुसते बघायचे का?" मी हसले, पण खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. सात महिन्यांत मी तिच्यापासून दोन तासांहून जास्त लांब राहिले नव्हते. एक पूर्ण दिवस कुणी अंगाला चिकटलेलं नसावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते हवंय याची लाजही वाटत होती.

डांबर सुटल्यावर वीस मैल कच्चा रस्ता. रस्ता म्हणजे कधीकाळी कुठल्यातरी खाणीसाठी पाडलेली दोन चाकोऱ्यांची रेघ. मधे नारळाएवढे धोंडे. मी पहिल्या गिअरवर, जीव मुठीत धरून.

"गावं कुठायत?" नानांनी विचारलं.

"नाहीत, नाना."

"पायथ्याला तरी असेल की एखादी वाडी."

"पायथ्यालाही नाही. कुणीच नाही."

"मग हा डोंगर कुणाचा?"

मी स्टिअरिंग वळवून एक धोंडा चुकवला. त्यांनी काच खाली केली, बाहेर तोंड काढून बघितलं आणि म्हणाले, "गाव नाही म्हणजे पाणी पळून जात असेल कुठंतरी."

रस्ता संपला तिथे गाडी लावली. मागच्या सीटवर बसून मी हाताच्या छोट्या पंपाने रेवासाठी दूध काढलं, बाटली थंड पेटीत ठेवली. नाना पंचवीस पावलांवर पाठ करून उभे होते, आणि मला अवघडायला होऊ नये म्हणून मोठमोठ्याने एका दगडाची चौकशी करत होते. "काय रे बाबा, तू ज्वालामुखीतला की समुद्रातला?" पंप मी सीटवरच ठेवला. साडेआठ झाले होते. तीनपर्यंत खाली, साडेपाचपर्यंत घरी, असा हिशेब होता. फ्रीजमध्ये दोन बाटल्या होत्या. दोनच.

मी पाण्याच्या सहा बाटल्या भरल्या तर नाना म्हणाले, "लग्नाचं वऱ्हाड निघालंय का? वर टाकं असेल की."

"टाकं नसतं इथे."

"डोंगर म्हटल्यावर टाकं असतंच," ते म्हणाले. पण चार बाटल्या त्यांनीच आपल्या पाठपिशवीत घातल्या. पिशवीत तळाशी सासूबाईंचं जुनं सुती नऊवारी होतं, नेहमीसारखं. ग्रुपमधल्या सगळ्यांना ते लुगडं पाठ होतं. सावलीला तेच, झोळीला तेच, वेळ पडली तर दोरही तेच. विमानाने सातासमुद्रापार आणलं होतं म्हाताऱ्याने.

पायवाट नव्हती. डोंगराची एक लांब सोंड धरून चढायचं, एवढंच. माती अशी भुगा झालेली की पाऊल टाकलं की अर्धं मागे. झाडं नाहीत, कंबरेएवढी काटेरी झुडपं आणि वरच्या अंगाला तुरळक जुनिपरची खुरटी खोडं, पीळ पडलेली, म्हाताऱ्या हातांसारखी. नाना पुढे. अडुसष्ट वर्षांचे, पण दम लागत होता मला. वाटेत त्यांनी घाटात हरवलेल्या एका पोराची गोष्ट सांगितली. अर्ध्या तासाने तीच परत सांगितली, त्याच शब्दांत. मी दोन्ही वेळा हसले. म्हातारी माणसं सांगतातच परत परत.

दोन तासांनी आमची सोंड मुख्य धारेला मिळाली. तिथे नाना थांबले आणि वाकून खूण रचली. त्यांची पद्धत ठरलेली होती: तीन दगड एकावर एक, वरच्या दगडाखाली दाबलेली काडी, आणि काडीचं टोक जिकडून आलो तिकडे. "उतरताना डोंगर उलटा दिसतो," ते नेहमी म्हणायचे. "डोळ्यांवर नाही, खुणेवर भरवसा ठेवायचा."

आणि नानांचा खेळही इथेच सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

उतरताना ते कधीकधी मुद्दाम वाट चुकवायचे. खूण दिसत असून तिच्या बाजूने सरळ भलतीकडे घुसायचे. ज्याच्या लक्षात येईल त्याने बोलायचं नाही, हा नियम. गप्प राहायचं, चुकीची जागा मनात पक्की धरायची. मग पाच-दहा मिनिटांनी नाना थांबायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि विचारायचे, "बोला, आपण कुठे चुकलो?" बरोबर सांगणाऱ्याला खिशातली लिमलेटची गोळी आणि एक "शाब्बास". आधीच ओरडणाऱ्याला काही नाही. "एकाने ओरडलं की बाकीचे डोळे मिटून घेतात," असं त्यांचं म्हणणं. मी तीन वर्षांत अकरा गोळ्या मिळवल्या होत्या. ग्रुपमधला विक्रम होता तो.

माथ्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. दगडांच्या ढिगात एक पत्र्याचा डबा होता, त्यात वही नि पेन्सिल. येणाऱ्याने नाव लिहून जायचं, अशी इकडची रीत. आमच्या आधीचं नाव पाच महिन्यांपूर्वीचं होतं. पाच महिने इथे कुणी आलं नव्हतं. नानांनी सावकाश मराठीत लिहिलं, खाली रेघ ओढून 'माणसं : तीन'.

"तिसरं कोण, नाना?"

"कोण म्हणजे? तिला सोडून आलीस असं वाटतं तुला?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, वही पुसून डब्यात ठेवली. "दूध पाजणारी बाई एकटी नसते कुठे."

मी तोंड फिरवून खालचं पांढरं पठार बघत राहिले. कधीकाळचं तळं, आता नुसतं मीठ. चारी दिशांना डोंगरांमागे डोंगर, आणि त्यात माणसाचं असं एकच चिन्ह, आमची गाडी. इथून तीही दिसत नव्हती.

उतरताना धारेवर खूण दिसली. मला लांबूनच दिसली. तीन दगड, काडी उजवीकडे. नाना तिच्यापासून हातभर अंतरावरून गेले. क्षणभर थांबून तिच्याकडे बघितलंसुद्धा. आणि डावीकडच्या घळीत उतरायला लागले.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. खरंच. चौदा वर्षांनी, लग्न, बाळंतपण, सासूबाईंचं जाणं, सगळं ओलांडून नाना पुन्हा माझ्याशी तो खेळ खेळत होते. मी ओठ मिटून घेतले, खुणेची जागा मनात धरली आणि त्यांच्या मागे उतरले. बारावी गोळी.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. घळ खोल होत गेली, दोन्ही बाजूंचे कडे उंच. तळाशी रेती, पाण्याने घासून गुळगुळीत केलेले दगड, पण ओल टिपूसभर नाही. वीस मिनिटांनी एक कातळ आला, पुरुषभराहून उंच, वाटीच्या आतल्या बाजूसारखा घासलेला. पावसाळ्यात धबधबा असणार. नाना बसले आणि घसरून खाली गेले. "ये, फणसे! घसरगुंडी!"

मी वर उभी राहिले. खाली जाता येत होतं. वर येता येईल का, हे दिसत नव्हतं. एक शब्द ओठांवर आला. पण नियम होता, आणि पुढे नाना होते. मी घसरले. कोपर सोलवटलं.

आणखी अर्धा तास. उन्हाला आता वजन आलं होतं. छाती जड व्हायला लागली, ठणकायला लागली. रेवाची दुपारची वेळ. तिच्या वेळेला माझं अंग घड्याळासारखं जागं व्हायचं, मी कुठेही असले तरी. मी नानांच्या पाठीकडे बघत होते. आता थांबतील. आता कमरेवर हात ठेवतील.

ते थांबले. कारण पुढे जमीन नव्हती. घळ एका कड्याच्या ओठावर संपत होती. खाली चार-पाच मजले हवा, आणि मग खूप खाली, ते पांढरं मीठ.

नानांनी कमरेवर हात ठेवले.

मी वाट बघितली. इतकं शांत होतं की माझ्या कानातलं रक्त मला ऐकू येत होतं. पक्षी नाही, माशी नाही, वारासुद्धा नाही. नाना खाली बघत होते. एक मिनिट गेलं असेल.

"नाना," मी म्हणाले. आवाज हसरा ठेवला. "विचारा ना आता."

ते वळले. "काय विचारू?"

पायाखालचा दगड सरकला असता तरी मला तेवढी भीती वाटली नसती. त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता, पण त्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी बघितलं नव्हतं. नाना घाबरले होते.

"पाणी माणसाकडे जातं," ते म्हणाले. घोकल्यासारखं. "ओढा धरला की गाव लागतं. लागतंच. एव्हाना वेल्हं दिसायला हवं होतं." त्यांनी घड्याळ बघितलं. "साडेपाचची एसटी मिळेल म्हणा अजून. पोरं कुठायत बाकीची? मोज बघू."

मी मोजलं. मी खरंच मोजलं, मूर्खासारखं. एक, दोन.

वेल्हं अर्ध्या जगापलीकडे, सह्याद्रीत होतं. अंगावर उन्हातही काटा आला. मला एकदम सगळं दिसलं, वरून बघितल्यासारखं. रेंज नाही. सुश्रुतला वाटेल आम्ही रमलो. अंधार पडेपर्यंत तो काळजी करणार नाही, नंतर करेल तर कुणाला काय सांगेल? डोंगराचं नावसुद्धा त्याला धड माहीत नव्हतं. वहीतलं आमच्या आधीचं नाव पाच महिन्यांपूर्वीचं. आमच्याकडे पाण्याची दीड बाटली. फ्रीजमध्ये दोन बाटल्या, त्यातली एक एव्हाना संपली असेल. आणि वर तो कातळ.

रडू आलं नाही. पण छातीतून एकदम पान्हा आला, भीतीचासुद्धा येतो हे मला माहीत नव्हतं. शर्टावर दोन ओले डाग पसरले.

"नाना, बसा."

"अगं, वेळ नाही, एसटी..."

"बसा म्हणते ना!"

आवाज कड्यावर आपटून परत आला. मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, घरात नाही, डोंगरात तर नाहीच. ते लगेच बसले, शाळेतल्या पोरासारखे, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली. मी त्यांना कड्याच्या सावलीला सरकवलं. बाटलीचं झाकण उघडून हातात दिली.

"दोन घोट. जास्त नाही."

"तू?"

"मी प्यायले." नव्हते प्यायले.

दहा मिनिटं आम्ही तशीच बसलो. मग मी उठले आणि म्हणाले, "आता मी पुढे. तुम्ही माझ्या पावलावर पाऊल टाकायचं. काय सांगितलं मी?"

"पावलावर पाऊल," नाना म्हणाले.

कातळापाशी परत यायला तासाच्या वर लागला. दर वीस पावलांनी मी वळून बघत होते. ते येतायत ना, ते कुठे निघाले तर नाहीत ना. कातळावर मी तीनदा चढायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा अर्ध्यावरून खाली. पकडायला काही नव्हतं, तो दगड हाताखाली साबणासारखा. चौथ्यांदा घसरले तेव्हा गुडघा आपटला, मी तिथेच बसून राहिले आणि मनात एकच वाक्य फिरायला लागलं. ती आज रात्री कुणाच्या कुशीत झोपेल. ती आज रात्री कुणाच्या कुशीत झोपेल.

"पाय ठेव," नाना म्हणाले.

मी वर बघितलं. ते कातळाकडे तोंड करून उभे होते, पाय फाकवून, हातांचे पंजे दगडावर, खांदे वाकवलेले.

"खांद्यावर ठेव पाय. हात काठाला पोचतील."

"नाना, नको. तुमच्या अंगाला पाय..."

"अगं, काय पायबिय लावून बसलीस! बूट काढ, टोचतील. ठेव."

मी बूट काढून वर फेकले. म्हणजे आता वर जाणं भागच होतं. मोजे घातलेला उजवा पाय मी सासऱ्यांच्या खांद्यावर ठेवला. मग डावा. ते थरथरले, पण हलले नाहीत. माझी बोटं काठाला लागली. एक खोबण मिळाली. मी छाती दगडावर दाबून स्वतःला ओढलं, आणि दाबल्याबरोबर दूध वाहायला लागलं. त्या तापलेल्या दगडावर दुधाचे दोन ओघळ उतरले आणि डोळ्यांदेखत वाळले. मला ते अजून दिसतात. इतक्या कोरड्या जागी पडलेलं तिचं दूध.

मी वर आले. पालथी पडले. मग उठून खाली बघितलं, आणि नाना तिथे नव्हते.

"नाना!"

"ओरडू नको. लुगडं काढतोय पिशवीतून."

त्यांनी लुगड्याला पीळ दिला, एका टोकाला दगड बांधून वर फेकलं. मी झेललं. "त्या जुनिपरला दोन वेढे घे. दोन. आता गाठ मार आणि आधी ओढून बघ, फणसे, मग माझ्यावर प्रयोग कर." दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या छातीभोवती घेतलं आणि गाठ मारली. मी वरून बघत होते. ती बोटं एकदाही अडखळली नाहीत. गाव कुठलं, साल कुठलं, हे जिथे पुसलं जात होतं तिथे ती गाठ नव्हती. ती हातांत होती.

मी पाय खोडाला टेकवून ओढलं. लुगडं करकरलं. नानांचं डोकं काठावर आलं, मग कोपर, मग ते सगळेच. दोघंही धापा टाकत पडून राहिलो. मी उठून त्यांच्या पायांना हात लावला.

"आत्ता?" ते म्हणाले. "आत्ता पाया पडतेस? अजून खांदा दुखतोय तुझ्या नाचाने."

आम्ही हसलो. ते हसणंही भीतीचंच होतं.

खुणेपाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मी न थांबता उजवीकडे वळणार होते, पण नाना थांबले. खाली वाकले. वरचा दगड अलगद उचलून त्यांनी काडी बघितली.

"हे मीच रचलंय."

"हो, नाना."

"कधी?"

"आज. सकाळी."

त्यांनी काडी परत होती तशी ठेवली, टोक नीट आमच्या वाटेकडे करून. मग माझ्या मागून चालायला लागले. पावलावर पाऊल.

गाडीत ठेवलेलं जादा पाणी प्यायलो. मी दोन बाटल्या एका दमात. किल्ली फिरवून गाडी वळवली. कच्चा रस्ता निम्मा झाला. मग ते बोलले. आवाज नेहमीचा, स्वच्छ.

"तुला खुणेपाशीच कळलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारल्याशिवाय बोलायचं नाही," मी म्हणाले. "तुमचाच नियम. मला वाटलं, तुम्ही खेळताय."

त्यांनी मांडीवर लुगड्याची घडी घालायला घेतली.

"हा नियम मी काढला," ते म्हणाले, "तेव्हा मी खरोखर चुकेन हे मी धरलंच नव्हतं."

धोंड्यांवरून गाडी हेलकावत होती. पुढे त्यांनी सांगितलं की पुण्यातही दोनदा झालंय. एकदा मंडईत. एकदा स्वतःच्याच सोसायटीत, मजला आठवेना. "सुश्रुतला मी सांगेन. माझं मी. तू काही बोलू नकोस."

"बरं," मी म्हणाले.

डांबर लागलं आणि फोनने जिवंत झाल्यासारखे एकामागून एक अकरा मेसेज दाखवले. शेवटच्यात नुसतं लिहिलं होतं, 'बाटली संपली. कुठे आहात?'

दार उघडलं तेव्हा दिवे लागले होते. सुश्रुत रेवाला घेऊन दारातच होता. तिने मला बघितलं, ओठ काढला, आणि मग जे रडली त्यात सगळ्या दिवसाची तक्रार होती. मी बूट, धूळ, रक्त, सगळ्यासकट आत जाऊन पलंगावर बसले आणि तिला घेतलं. ती दुधाला अशी लागली की मला कळ आली. हाताची मूठ माझ्या शर्टात, डोळे माझ्यावर. मी पुन्हा आधीसारखी चिकटलेली होते, आणि मला कुठेही जायचं नव्हतं.

भिंतीपलीकडून आवाज येत होते.

"काय, कसा होता डोंगर?" सुश्रुत.

"अरे, फक्कड! टाकं नाही, गाव नाही, पण धार काय सुंदर!"

"एवढा उशीर?"

"रमलो."

"आणि तिच्या गुडघ्याला काय झालं?"

"घसरली थोडी."

मग भांड्यांचा आवाज. मग क्रिकेटबद्दल काहीतरी. मी वाट बघत होते. आता सांगतील. रेवाने बाजू बदलली. आता. कपबशी ठेवल्याचा आवाज आला. सुश्रुत हसला. आणि त्या अंधाऱ्या खोलीत मला दुपारसारखाच काटा आला, कारण मला कळलं की मी पुन्हा खुणेपाशी उभी आहे. काडी उजवीकडे दाखवतेय, नाना डावीकडे चाललेत, आणि मी शहाण्यासारखी ओठ मिटून त्यांच्या मागे.

सहा वर्षं झाली याला. डॉक्टरांनी पुढे त्या आजाराला नाव दिलं. लवकर आलात म्हणून बरं, असंही म्हणाले. नाना आता आमच्याकडेच असतात. मधे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मला नेहमी आठवते ती पलंगापासून हॉलपर्यंतची दहा पावलं. त्या कातळाहून ती मला कठीण गेली.

त्या रात्री मी रेवाला तशीच छातीशी धरून बाहेर आले. सुश्रुतने वर बघितलं. नानांनीही.

"सुश्रुत," मी म्हणाले, "आज नाना वाट चुकले. खेळात नाही. खरंच चुकले. आणि पहिल्यांदा नाही."

सुश्रुतने वडिलांकडे बघितलं. मी बघू शकले नाही. मी रेवाच्या टाळूकडे बघत राहिले. तिथली नस उडत होती.

खुर्ची सरकली. पावलं माझ्याजवळ आली. नानांचा हात खिशात गेला, बराच वेळ चाचपडला, आणि बाहेर आला तो लिमलेटची एक गोळी घेऊन. कागद चुरगळलेला, त्याला डोंगरावरची धूळ.

"मी विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, नाना."

रेवाला सांभाळायला माझे दोन्ही हात गुंतले होते. म्हणून त्यांनीच कागद सोडवला आणि गोळी माझ्या तोंडात घातली.

"शाब्बास, फणसे."